उसनी उंची : रेडिओची तार फुग्याच्या आधारानें टांगण्याची विद्या

रेडिओच्या लाटा डोळ्यांना दिसत नाहींत. तरी त्यांना लांबी असते आणि ती मोजतां येते. ज्याला स्वतःचें हौशी रेडिओ-केंद्र चालवावयाचें आहे, त्याला ही लांबी प्रथम शिकावी लागते. कारण त्याच्या एरियलचें माप तीच ठरविते. २० मीटरांच्या लाटेसाठीं उभी तार लाटेच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे ५ मीटर असली कीं पुरते. एक उंच बांबू आणि घराची गच्ची एवढ्यावर तें काम भागतें. परंतु हौशी लोकांना ज्या लांब लाटा वापरण्याची मुभा आहे, त्यांत एक पट्टा १६० मीटरांचा आहे. त्याचा चतुर्थांश ४० मीटर होतो. ४० मीटर म्हणजे बारा-तेरा मजल्यांची इमारत. एवढा खांब उभारावयाचा म्हणजे पाया खणणें आलें, चारी बाजूंचे ताण आले, शेजाऱ्यांची संमति आली. आणि खर्चाचा आंकडा असा येतो कीं, तो पाहूनच हौस विरून जावी.

याच अडचणींतून फुग्याची कल्पना निघाली. मोकळ्या माळावर जावें, फुगा भरावा, त्याच्या आधारानें तार आकाशांत सोडावी, दूरदूरच्या देशांशीं बोलावें आणि काम संपतांच सर्व गुंडाळून घरीं आणावें. खांबाची उंची विकत घ्यावी लागते. फुग्याची उंची उसनी मिळते. पण ज्यानें उसनवारीचा व्यवहार केला आहे त्याला ठाऊक असतें कीं, उसनें मिळविणें सोपें, तें सुखरूप परत करणें अवघड. फुग्याचेंही तसेंच आहे. तार वर नेण्यांत फारसें कौशल्य नाहीं. ती वर असतांना ताब्यांत ठेवणें आणि कोणालाही इजा न होतां खालीं आणणें, यांतच या विद्येचें सार आहे.

ही युक्ति नवी नाहीं. बिनतारी संदेशाच्या इतिहासांतल्या एका प्रसिद्ध दिवसाशीं ती जोडलेली आहे. १९०१ सालीं गुल्येल्मो मार्कोनी यांनीं अटलांटिक महासागरापार संदेश पाठविण्याचा संकल्प केला होता. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्यें पोल्धू येथें, आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉड येथें त्यांनीं उंच डोलकाठ्यांचें एकेक कडें उभारलें होतें. १७ सप्टेंबर १९०१ रोजीं पोल्धूचें कडें वादळांत कोसळलें. नोव्हेंबरच्या अखेरीस केप कॉडचीही तीच गत झाली. पोल्धू येथें दोन खांब उभारून त्यांच्यामध्यें तारांचा पंखा टांगण्यांत आला व काम निभावलें. पण पलीकडच्या तीरावर नवें कडें उभारण्यास सवड नव्हती. तेव्हां मार्कोनी यांनीं तिकडचा खांबांचा नाद सोडला, सामानांत फुगे व पतंग घेतले आणि जॉर्ज केम्प व पर्सी पॅजेट या दोघां मदतनिसांसह ते न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्स या बंदरांत ६ डिसेंबरला उतरले. बंदराच्या तोंडाशीं सिग्नल हिल नांवाची टेकडी आहे; तेथें त्यांनीं आपलें ठाणें मांडलें.

११ डिसेंबरला हायड्रोजननें भरलेला फुगा तार घेऊन वर चढला. वारा सोसाट्याचा होता. थोड्याच वेळांत फुगा बंधनांतून निसटला आणि समुद्राच्या बाजूला दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशीं वाऱ्याचा जोर कायम होता, म्हणून फुग्याऐवजीं पतंग उडविण्यांत आला, तोही गेला. मग दुसरा पतंग सुमारे ५०० फूट तार घेऊन वर चढला आणि ४०० फुटांच्या आसपास कसाबसा तग धरून राहिला. दुपारीं साडेबाराच्या सुमारास श्रवणयंत्रांत तीन टिंबांचा, म्हणजे मोर्स लिपींतील एस या अक्षराचा, ध्वनि ऐकूं आल्याचें मार्कोनी यांनीं जाहीर केलें. तीं टिंबें खरोखरच पोल्धूचीं होतीं काय, यावर जाणत्यांचा वाद अजून मिटलेला नाहीं. परंतु त्या दोन दिवसांनीं जे धडे दिले, त्यांविषयीं वाद नाहीं.

पहिला धडा हा कीं, फुगा हा शांत हवेचा सोबती आहे आणि पतंग हा वाऱ्याचा. वारा नसेल तर पतंग उठत नाहीं. वारा असेल तर फुगा उभा राहत नाहीं. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. पतंग वर-खालीं होऊं लागला कीं तारेची उंची व कल बदलतो. त्यासरशी तिचे विद्युत्-गुण बदलतात आणि यंत्राचा मेळ सुटतो. मार्कोनी यांच्याजवळ विशिष्ट लाटेशीं जुळवून घेणारें सुधारलेलें ग्राहकयंत्र होतें. परंतु हेलकावे खाणाऱ्या तारेशीं त्याचा मेळ बसेना, म्हणून त्यांना तें बाजूला ठेवून साधें, न जुळवितां चालणारें यंत्र घ्यावें लागलें. म्हणजे तार स्थिर ठेवणें हें सुरक्षिततेसाठीं जितकें आवश्यक आहे, तितकेंच तें चांगल्या संदेशासाठींही आवश्यक आहे. या विषयांत सावधपणा आणि यश हीं एकाच वाटेनें चालतात.

दुसऱ्या महायुद्धांत पहिला धडा माणसांचे प्राण वांचविण्याच्या कामीं आला. विमान समुद्रांत पडलें तर रबरी नावेंत बसलेल्या वैमानिकांना साह्य कसें मागतां यावें, या प्रश्नासाठीं जर्मनांनीं एक छोटें प्रक्षेपणयंत्र बनविलें होतें. त्याचा एक नमुना ब्रिटिशांच्या हातीं लागला आणि त्याच्या आधारें अमेरिकेंत एससीआर-५७८ हें यंत्र तयार झालें. त्याचा आकार कंबरेशीं निमुळता होता. दोन्ही गुडघ्यांत धरून दांडा फिरविला कीं वीज उत्पन्न होई आणि एसओएस हा संकटाचा संदेश आपोआप जाई. त्या सडपातळ कमरेवरून सैनिकांनीं त्याला गिब्सन गर्ल असें लाडकें नांव दिलें होतें. त्याची लाट ६०० मीटरांची होती आणि तार ३०० फुटांची. समुद्राच्या पाठीवर ही तार उभी कशी करावयाची? यासाठीं त्या सामानांत पेटीच्या आकाराचा पतंग होता आणि फुगाही होता. शिवाय पाण्याशीं संयोग होतांच हायड्रोजन सोडणारें रसायनही होतें. वारा असल्यास पतंग, नसल्यास फुगा. ज्यांना दुसरी संधि मिळणार नव्हती, त्यांच्यासाठीं दोन्ही साधनें एकत्र ठेवण्याची दूरदृष्टि तेथें दाखविली होती. माळावर जाणाऱ्या हौशी माणसानेंही हाच कित्ता गिरवावा. आणि वारा दोहोंपैकीं कशालाच सोयीचा नसेल तर सरळ घरीं परतावें.

आतां फुगा किती मोठा असावा, याचें गणित पाहावें. तें शाळेंतल्या मुलालाही जमण्यासारखें आहे. हेलियम वायु हवेपेक्षां बराच हलका आहे. त्याच्या एका घनमीटरानें सुमारें एक किलो वजन उचललें जातें. गोल फुग्याच्या व्यासाचा घन करून त्याला ०.५२ नें गुणिलें कीं घनफळ मिळतें. एक मीटर व्यासाचा फुगा अर्धा किलो उचलतो, दीड मीटरांचा पावणेदोन किलोंहून थोडें अधिक, आणि दोन मीटरांचा चार किलोंहून अधिक. व्यास दुप्पट केला कीं उचल आठपट होते, हें ध्यानांत ठेवावें. खेळण्यांतल्या लहान फुग्यांचा घोस बांधून काम साधेल असें ज्यांना वाटतें, त्यांनीं हेंच गणित उलट करून पाहावें. २८ सेंटिमीटरांचा फुगा रबराचें वजन वजा जातां नऊ-दहा ग्रॅमच उचलतो. दोन डझन फुगे तार कशीबशी वर नेतील, पण वाऱ्याला तोंड देण्यास त्यांच्यापाशीं कांहीं शिल्लक उरणार नाहीं.

आतां ओझें मोजूं. अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार ४० मीटर घेतली तर तिचें वजन ७० ग्रॅम भरतें. एक मिलिमीटर जाडीची घेतली तर तें चौपट, म्हणजे २८० ग्रॅम होतें. म्हणून तार बारीकच घ्यावी. बांधणीची दोरी सव्वाशें ग्रॅम आणि फुग्याचें कातडें तीनशें ग्रॅम धरलें तर बारीक तारेसह सर्व मिळून अर्धा किलो झाला. दीड मीटरांच्या फुग्याची उचल एक किलो आठशें ग्रॅम. त्यांतून अर्धा किलो गेला. एक किलो तीनशें ग्रॅम शिल्लक उरली. ही शिल्लक म्हणजेच दोरीला ताठ ठेवणारें बळ. नवशिका ही शिल्लक वायां गेली असें समजतो आणि लहान फुगा आणून पैसे वांचवितो. वास्तविक सर्व भिस्त तिच्यावरच असते.

कारण याच वेळीं वारा आपला हिशेब मांडीत असतो. ताशीं १८ किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे झाडांच्या लहान डहाळ्या हलविणारा मध्यम वारा, दीड मीटरांच्या गोल फुग्याला सव्वा किलोच्या जोरानें ढकलतो. वर ओढणारें बळ आणि बाजूस ढकलणारें बळ बरोबरीचें झालें, म्हणजे दोरी ४५ अंशांत कलली. ४० मीटर तारेचें वरचें टोंक आतां २८ मीटरांवर आलें. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं ३६ किलोमीटरांचा वारा पांच किलोंच्या जोरानें ढकलील आणि तेंच टोंक जमिनीपासून अवघ्या १० मीटरांवर येईल. परंतु आडव्या अंगानें तें जवळजवळ ३९ मीटर दूर गेलेलें असेल. डोक्यावर उभी असलेली तार पाहतां पाहतां शेजारच्या शेतावर, रस्त्यावर किंवा विजेच्या तारांवर लोळूं लागेल. या उण्यावर उपाय म्हणून फुग्याला पतंगाचा गुण देण्याचे प्रयत्न झाले. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनींत पार्सेव्हाल व सिग्सफेल्ड यांनीं लांबोडा पतंग-फुगा रचला. पुढें अशा लहान पतंग-फुग्यांचाही प्रचार झाला. त्यांना वारा खालीं दाबीत नाहीं, उलट वर उचलतो. साध्या गोल फुग्याचा धनी मात्र पानें सळसळूं लागतांच सावध झाला पाहिजे.

वायूच्या निवडीबद्दल दोन शब्द सांगणें जरूर आहे. हायड्रोजन, ज्याला जुन्या शालेय पुस्तकांत उज्ज म्हणत, तो हेलियमपेक्षां स्वस्त आहे आणि थोडें अधिक वजन उचलतो. परंतु हवेंत शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कोणत्याही प्रमाणांत मिसळला तरी तो पेट घेतो. आणि पेट घेण्यास त्याला इतकी थोडी ठिणगी पुरते कीं, ती कित्येकदां डोळ्यांस दिसतही नाहीं. प्रक्षेपण चालू असतांना तारेच्या टोंकाशीं विद्युत्-दाब मोठा असतो. ज्या तारेला ठिणगी टाकण्याची संवय, तिच्याच शेंड्यावर ज्वालाग्राही वायूची पिशवी बांधणें हें शहाणपण नव्हे. बाजारांत फुगे विकणारे कांहीं लोक रसायनांपासून हा वायु स्वतः तयार करतात. ३० ऑक्टोबर २०१९ रोजीं ढाका शहरांत अशाच एका फुगेवाल्याची टाकी फुटली आणि भोंवतीं जमलेल्या मुलांचे प्राण गेले. हौशी माणसानें हेलियमच घ्यावा. तो पेटत नाहीं; तथापि त्याचेंही नळकांडें मोठ्या दाबाखालीं भरलेलें असतें, म्हणून तें उभें बांधून ठेवावें. आवाज बारीक करण्याच्या गमतीनें कोणी तो वायु हुंगूं नये. नळकांड्यांतून थेट घेतलेला श्वास प्राणघातक होतो. चकचकीत चंदेरी कागदाचे फुगेही वर्ज्य समजावे; त्या कागदावरील धातूच्या मुलाम्यांतून वीज वाहते.

दोरी व तार यांचीं कामें वेगळीं ठेवणें हा या विद्येचा कणा आहे. दोरीनें ओझें धरावें. तारेनें केवळ वीज वाहावी. तार ताणली गेली कीं ती लांबते, पिळते आणि मोक्याच्या वेळीं तुटते. म्हणून मुख्य दोरी पॉलिएस्टरची, विणलेली व मजबूत घ्यावी आणि तार तिच्या कडेनें थोडी सैल सोडीत जागोजाग अडकवावी. तारेचें वरचें टोंक फुग्याला भिडूं देऊं नये. मध्यें कांहीं मीटर नुसती कोरडी दोरी असावी. दोरी ओली झाली कीं तीही वीज वाहूं लागते, म्हणून दंव पडूं लागलें कीं प्रयोग संपला असें समजावें. नायलॉनचा मांजा तर हातीं धरूंच नये. तो पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं त्यावर देशभर बंदी घातली ती उगीच नव्हे. जागा असल्यास एका दोरीऐवजीं तीन दोऱ्या तीन दिशांना ताणून खुंट्यांना बांधाव्या. तिवईप्रमाणें फुगा मधोमध स्थिर राहतो. तार डोलत नाहीं आणि संदेशही लहरत नाहीं.

एवढी सिद्धता झाल्यावर फुगा सोडण्यापूर्वीं भोंवतालचें जग पाहावें. येथें तीन भयें आहेत.

पहिलें भय विजेच्या तारांचें. संक्रांतीनंतर गांवोगांव तारांवर लोंबणारे पतंग ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. मात्र पतंगाच्या शेंपटीला ४० मीटर तांबें बांधलें तर काय होईल, हें त्यांनीं मनाशीं आणावें. इतिहासानें याची मोठी प्रचीति दिली आहे. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्रीं, पोल्धूचें कडें कोसळल्याला बरोबर ३९ वर्षें झालीं त्या तारखेस, वादळी वाऱ्यानें ब्रिटनचे कित्येक संरक्षक फुगे आपल्या पोलादी दोरांसह सुटले व उत्तर समुद्रापार गेले. स्वीडन व डेन्मार्क या देशांत त्यांनीं विजेच्या वाहिन्या बिघडविल्या, रेल्वेच्या वाहतुकीचा खोळंबा केला. स्वीडनच्या परदेशीं प्रक्षेपण करणाऱ्या रेडिओ-केंद्राचा एरियलचा मनोराही एका फुग्यानें पाडला. हा उत्पात पाहून ब्रिटिश आरमारानें त्याचेंच शस्त्र केलें. १९४२ ते १९४४ या काळांत सुमारें ९९ हजार फुगे जर्मनीकडे सोडण्यांत आले. त्यांतील निम्म्याहून थोड्या कमी फुग्यांच्या खालीं नुसती पोलादी तार लोंबत असे. १२ जुलै १९४२ रोजीं अशा एका तारेनें लाइपझिगजवळ विद्युद्वाहिनीला स्पर्श केला आणि बोहलेन येथील वीजघर जळून गेलें. युद्धांत जें शस्त्र म्हणून मुद्दाम सोडलें, तेंच हौशी माणसाच्या हातून चुकून सुटतां कामा नये.

यासाठीं वर्तुळाचा नियम पाळावा. दोरीची जी एकूण लांबी असेल तिच्या दीडपट त्रिज्येचें एक वर्तुळ मनाशीं काढावें. ६० मीटर दोरी असेल तर ९० मीटरांचें. या वर्तुळांत विजेची तार, रस्ता, रुळ किंवा लोकवस्ती नसावी. वारा आज कोणत्या दिशेचा आहे हें पाहून अर्धें वर्तुळ मोजणें हें आत्मवंचनेचें काम आहे. वारा दिशा बदलण्यापूर्वीं कोणाला विचारीत नाहीं. आणि एवढें करूनही तार विजेच्या वाहिनीला लागलीच, तर ती सोडविण्यास कोणीही जाऊं नये. सर्वांनीं दूर व्हावें आणि वीज कंपनीस कळवावें. फुगा गेला तर दुसरा मिळेल.

दुसरें भय आकाशांतल्या विजेचें. यासाठीं ढग गडगडलेच पाहिजेत असें नाहीं. निरभ्र दिवशींही जमिनीजवळच्या हवेंत दर मीटर उंचीस सुमारें १०० व्होल्ट इतका फरक असतो. ४० मीटर उंच, जमिनीपासून अलग ठेवलेल्या तारेवर यामुळें हजारों व्होल्टांचा दाब सांचूं शकतो. त्यांत प्रवाह थोडा असतो, परंतु तो माणसाला दचकवून पाडूं शकतो आणि यंत्राचे नाजूक अवयव क्षणांत निकामी करतो. म्हणून तारेच्या खालच्या टोंकापासून जमिनींत ठोकलेल्या गजापर्यंत एक मोठा विद्युत्-रोधक किंवा वेटोळें कायम जोडलेलें असावें. सांचणारी वीज त्यांतून झिरपत राहते आणि संदेशाला बाध येत नाहीं. आणि मेघगर्जना दूरवर जरी ऐकूं आली, तरी तार खालीं आलीच पाहिजे. १७५३ सालीं फ्रान्समध्यें द रोमा यांनीं दोरीला तार गुंडाळून पतंग चढविला आणि ढगांतून लांबच लांब ठिणग्या खालीं उतरविल्या, ते वांचले. त्याच वर्षीं सेंट पीटर्सबर्ग येथें वादळांत विजेचें मापन करूं पाहणारे रिखमन हे विद्वान् जागच्या जागीं मरण पावले. उंच चढविलेली तार पावसाळी आभाळाखालीं त्याच प्रयोगाची पुनरावृत्ति करीत असते, मग तिच्या धन्याचा हेतु कांहींही असो.

तिसरें भय विमानांचें. आणि येथें कायदाही येतो. भारताच्या १९३४ च्या विमानविषयक कायद्यानें बांधलेला फुगा आणि पतंग यांनाही विमानाच्याच व्याख्येंत बसविलें होतें. त्या कायद्याच्या जागीं आतां २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. अमेरिकेंत ६ फुटांहून अधिक व्यासाच्या बांधलेल्या फुग्यांना ५०० फुटांची मर्यादा आहे. विमानतळापासून ५ मैलांच्या आंत ते उडवितां येत नाहींत. दिवसा दोरीवर १५० फुटांपासून वर दर ५० फुटांस रंगीत पताका आणि रात्रीं दिवे लावावे लागतात. फुगा सुटला तर तो आपोआप रिकामा व्हावा अशी योजनाही तेथें सक्तीची आहे. ब्रिटनमध्यें परवानगीवांचून ६० मीटरांवर जातां येत नाहीं. दीड मीटरांचा फुगा या नियमांत सर्वस्वीं बसो वा न बसो, त्यांतील शहाणपण सर्वत्र सारखेंच लागू आहे. विमानतळाच्या आसपास जाऊं नये. जवळचें विमानतळ व पोलिसठाणें यांना अगोदर कळवून अनुमति घ्यावी. दोरीला ठळक पताका बांधाव्या. फुग्याच्या माथ्यावर एक उखडती पट्टी चिकटवून तिला दुसरी बारीक दोरी जोडावी. मुख्य दोरी तुटून फुगा उसळला कीं या दोरीला हिसका बसावा, पट्टी निघावी आणि वायु मोकळा व्हावा. ही योजना फसून फुगा तार घेऊन गेलाच, तर लाज न धरितां विमानतळास तत्काळ कळवावें. एखाद्या वैमानिकाला ती वार्ता वेळेवर मिळणें हें हौशी माणसाच्या अब्रूपेक्षां फार मोठें आहे.

प्रत्यक्ष दिवसाचा क्रम साधा आहे. चार माणसें असावीं : एकानें दोरीचें रीळ सांभाळावें, एकानें तार सोडावी, एकानें केवळ आकाश व वारा पाहावा, आणि चौथ्यानें यंत्रापाशीं बसावें. दोरी नुसत्या हातांत धरूं नये. रीळ जमिनीशीं पक्कें जखडलेलें असावें आणि हातांत जाड मोजे असावे, कारण वेगानें सरकणारी दोरी तळवा भाजून काढते. फुगा सकाळीं तुडुंब भरूं नये; ऊन चढलें कीं आंतला वायु फुगतो. प्रक्षेपण चालू असतांना तारेला कोणीही शिवूं नये, म्हणून तिच्याभोंवतीं दोरीचें कुंपण घालावें. मुलें जमणारच, हें गृहीत धरावें. ज्या माणसाकडे वारा पाहण्याचें काम आहे, त्याचा शब्द अखेरचा समजावा. यंत्रापाशीं बसलेल्याला नुकताच कोठें दूरचा आवाज लागलेला असतो. आणखी पांच मिनिटें, असें तो म्हणतोच. ती पांच मिनिटें न देण्याचें धैर्य वारा पाहणाऱ्यापाशीं असावें.

उतरवितांना प्रथम यंत्र बंद करावें, मग तार जमिनीच्या गजाला जोडून तिच्यावरील वीज उतरूं द्यावी, आणि नंतरच दोरी ओढावयास लागावें. घाई करूं नये. रीळ सावकाश फिरवावें, तार गुंता न होतां दुसऱ्या रिळावर घ्यावी. फुगा हातीं आला कीं त्यांतला वायु मोकळ्या हवेंत सोडून द्यावा. फुगा तसाच आकाशांत सोडण्याची हौस करूं नये, कारण तो कोठें तरी खालीं येणारच आणि एखाद्या गाईगुराच्या पोटांत जाण्याचा संभव असतो. खुंट्या मोजून घ्याव्या. तारेचे तुकडे वेंचावे. फुगा रिकामा झाला, तार रिळावर आली, शेताच्या धन्याला त्याची जागा होती तशी परत मिळाली आणि चारी माणसें घरीं पोंचलीं, म्हणजे उसनी घेतलेली उंची फिटली. मग पुढच्या शांत दिवशीं ती पुन्हां मागावयास हरकत नाहीं.